दिसायला सेम टू सेम... पण कान देऊन ऐका!

पश्चिम अरुणाचलमध्ये, तवांगच्या वाटेवर, एकाच चढावर दोन शेजारी राहतात. एक खालच्या मजल्यावर, उंच फर वृक्षांच्या ओलसर जंगलात. दुसरा वरच्या मजल्यावर, जिथे झाडं संपतात आणि नुसते खडक, खुरटं गवत आणि बर्फाचे पांढरे डाग उरतात. दोघांचा बांधा सारखा, अंगावरचा शर्ट सारखा, चालायची ढबही सारखी. इतकी, की १८४२ पासून पुढे दीडशेहून अधिक वर्षं जगाने या दोघांना एकच माणूस (सॉरी, एकच पक्षी) समजलं!

२००९ च्या मे-जूनमध्ये स्वीडनचे पर अल्स्ट्रोम आणि आपले शशांक दळवी या भागातल्या उंच डोंगरांवर पक्षी बघत फिरत होते. त्यांच्या लक्षात आलं, की खालच्या जंगलात गाणारा थ्रश सुरेल गातोय आणि वर खडकांत गाणारा, पुस्तकाप्रमाणे तोच थ्रश, चक्क खरखर करतोय. एकाच जातीच्या पक्ष्याचे दोन आवाज? तेही हाकेच्या अंतरावर? तिथून सुरू झालेली ही शोधाशोध सात वर्षांनी, जानेवारी २०१६ मध्ये एका शोधनिबंधात संपली. खालच्या मजल्यावरचा भाडेकरू ही जगासाठी नवी जात होती.

ही बातमी तेव्हा पेपरात वाचली आणि डोक्यात किडा वळवळायला लागला. आपल्याला ऐकू येईल का हा फरक? म्हणजे आपल्यासारख्या, आठवडाभर हेडफोन लावून कॉल घेणाऱ्या, कुकरची शिट्टी आणि व्हॉट्सअ‍ॅपची टिंग यांच्यातच आयुष्य काढणाऱ्या पब्लिकला? शास्त्रज्ञांचे कान तयार असतात हो. आपलं काय?

तर गेल्या मे महिन्यात सहा दिवसांची रजा टाकली, ठाण्यातल्या एका मैत्रिणीला पटवलं (ती फोटोवाली, मी नुसती बघी) आणि निघाले.

पुढे जाण्याआधी कस्तूर या मंडळींची थोडी ओळख. थ्रशला मराठीत कस्तूर म्हणतात. आपला सगळ्यात फेमस कस्तूर म्हणजे शीळकरी. पावसाळ्यात माथेरानला, भीमाशंकरला पहाटे कुणीतरी रिकामटेकडा पोरगा शीळ घालत चाललाय असं वाटतं ना, तो हा. पण आज ज्यांच्याबद्दल बोलतोय ते जमिनीवरचे कस्तूर. सह्याद्रीत यांचा जवळचा नातेवाईक पाहायचा तर नारिंगी डोक्याचा कस्तूर शोधा. बोरिवलीच्या नॅशनल पार्कमध्येही दिसतो. सावलीत, पालापाचोळ्यात, दोन उड्या मारायच्या, थांबायचं, पान उलटायचं, किडा मटकवायचा, पुन्हा दोन उड्या. हरवलेली चावी शोधणाऱ्या माणसासारखं सगळं चालू असतं. तो निदान नारिंगी-निळा असतो, झटकन नजरेत भरतो. हिमालयातल्या आपल्या दोन शेजाऱ्यांना रंगाची अशी चैन परवडत नाही. पाठ साधी तपकिरी, पोट फिकट आणि त्यावर खवल्यांसारख्या काळ्या चंद्रकोरी, डोळ्याभोवती फिकट कडं. आकार मैनेपेक्षा थोडा मोठा. या साध्या पाठीमुळेच दोघांचं आधीचं एकत्र नाव होतं ‘प्लेन-बॅक्ड थ्रश’. आता वरच्याला म्हणतात अल्पाइन थ्रश आणि खालच्याला हिमालयन फॉरेस्ट थ्रश. मी सोयीसाठी ‘वरचा’ आणि ‘खालचा’ म्हणणार आहे. चाळीत म्हणायचे तसं.

गुवाहाटीपर्यंत विमान, मग गाडी. तेजपूरला मुक्काम, भालुकपाँगला इनर लाइन परमिट दाखवायचं, आणि मग घाट, घाट, घाट. बोमडिला ओलांडून दिरांगला पोचेपर्यंत आम्ही दोघी मिळून आल्याचा अख्खा पुडा संपवला होता. दिरांग म्हणजे साधारण दीड हजार मीटर उंचीवरचं, नदीकाठचं, छान झोपाळू गाव. थुक्पा गरम, होमस्टेवाल्या मावशी प्रेमळ. तिथेच एक दिवस नुसतं लोळायचं, कारण दुसऱ्या दिवशी थेट ४,१७० मीटरच्या सेला खिंडीत जायचं असेल तर शरीराला आधी कल्पना दिलेली बरी.

आमचा गाईड दिरांगचाच, मोनपा समाजातला तरुण. त्याने संध्याकाळी येऊन शांतपणे सांगितलं, “मॅडम, रात को डेढ़ बजे निकलेंगे.”

“दीड? अगं, दीडला आपण झोपतो!” मैत्रीण.

पण त्याचं बरोबर होतं. भारताचं घड्याळ एकच आणि अरुणाचल पार पूर्वेला. मे महिन्यात तिथे साडेचारच्या आत सूर्य उगवतो. पक्षी त्याच्याही आधी सुरू होतात. आपण मुंबई-पुण्याच्या हिशोबाने सहाला डोळे चोळत पोचलो, तर मैफल संपून सतरंज्या गुंडाळायची वेळ झालेली असते.

रात्रीचा तो घाट मी फारसा पाहिला नाही. लष्कराच्या छावण्यांचे दिवे, धुकं, मध्येच एक कोल्ह्यासारखं काहीतरी. चार वाजायच्या सुमाराला, खिंडीच्या बऱ्याच खाली, ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद, दिवे बंद. गाईडने ओठावर बोट ठेवलं. बाहेर पडलो तर दात वाजायला लागले. दोन्ही बाजूंना फरची काळी झाडं आणि खाली ऱ्होडोडेंड्रॉनची झुडपं, अंधारात फुलांचा रंगही कळत नव्हता.

आणि मग तो गायला लागला.

कसं सांगू? एक लांब, स्वच्छ, किंचित ओढलेला सूर. थांबला. मग दुसरा, वेगळ्या पट्टीतला. मध्ये बारीक, पातळ, घाईघाईचे दोन-तीन सूर, जणू गाताना मध्येच तोंडात काही पुटपुटला. पुन्हा लांब सूर. कुठेही कर्कश नाही, घाई नाही. शीळकरी कस्तुराइतका रंगेलही नाही. हा जास्त लाजरा, विचार करून एकेक सूर ठेवणारा. मी निघायच्या आधी महिनाभर, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये बसून, झेनो-कँटो या वेबसाइटवरची रेकॉर्डिंग्ज ऐकली होती. (जगभरचे पक्ष्यांचे आवाज फुकट आहेत तिथे. ऑफिस बसमध्ये करायला यापेक्षा बरा उद्योग मला माहीत नाही.) पण हेडफोनमध्ये जो आवाज सपाट वाटत होता, तो इथे दरीतून फिरून येत होता. आधी पक्षी गायचा, मग डोंगर.

वीस मिनिटं तसेच उभे होतो. मैत्रिणीने कॅमेरा काढलाच नाही, काढून उपयोग नव्हता. एव्हाना उजाडायला लागलं आणि ऱ्होडोडेंड्रॉन लाल दिसायला लागले.

मग गाडीत बसून वर. झाडं बुटकी झाली, विरळ झाली, आणि एका वळणानंतर संपलीच. इथून पुढे चालायचं. उंची अशी, की बुटाची नाडी बांधली तरी धाप लागते. दगडांच्या उतारावर आम्ही बसून राहिलो. धुकं येत होतं, जात होतं. निळ्याभोर ग्रँडालांचा एक थवा डोक्यावरून गेला, कुणीतरी निळ्या शाईचे थेंब झटकल्यासारखा. एरवी तेवढ्याच दृश्यावर ट्रिप वसूल झाली असती. पण आम्ही वेगळ्याच कामावर होतो.

पाऊण तासाने वरच्याने तोंड उघडलं.

मी खरं सांगते, पहिल्या पाच सेकंदांत हसू आलं. आठवतंय, पूर्वी इंटरनेट लावताना फोनच्या लाइनमधून मोडेम कसा किंचाळायचा? किंवा रेडिओचं स्टेशन नीट लागत नसलं की जी खरखर, चरचर, मध्येच एखादा शब्द? अगदी तस्सं! घासल्यासारखे, ओरबाडल्यासारखे सूर, एकामागोमाग, आणि त्यात कुठेतरी चुकून एखादा स्वच्छ. हा थ्रश? ज्या नावाखाली शीळकरीही येतो, त्याच नावाचा? पण जरा वेळ ऐकल्यावर ते रूप त्या जागेला शोभायला लागलं. दगडांवर दगड घासावा तसा आवाज, दगडांच्याच राज्यात.

मुद्दा असा, की फरक ऐकू येतो. तयार कान लागत नाहीत, संगीताची परीक्षा द्यावी लागत नाही. सितार आणि मिक्सर यांच्यात जेवढा फरक आहे, साधारण तेवढाच. कुणालाही कळेल. फक्त योग्य उंचीवर, योग्य महिन्यात, योग्य वेळी जाऊन गप्प बसावं लागतं. एवढ्यासाठी दीडशेहून जास्त वर्षं का लागली, हा प्रश्न मला त्या दगडावर बसून पडला.

त्याचं उत्तर बरंचसं कपाटात आहे. एडवर्ड ब्लाइथ हा इंग्रज कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा क्युरेटर होता. त्याने १८४२ मध्ये या पक्ष्याचं शास्त्रीय नाव ठेवलं, मोलिसिमा, म्हणजे अतिशय मऊ. त्या काळी आणि नंतरही पुष्कळ वर्षं पक्षी ओळखायचा तो मारून, पेंढा भरून, ड्रॉवरमध्ये आडवा ठेवून. ड्रॉवरमध्ये पक्षी मऊ असतो, पण गात नाही. पाठ बघा, चोच मोजा, शेपूट मोजा. या दोघांची पाठ सारखीच! गाण्याचा संशय आल्यावर मात्र अल्स्ट्रोम, दळवी आणि त्यांच्या भारत, चीन, अमेरिका वगैरे देशांतल्या सहकाऱ्यांनी हेच ड्रॉवर पुन्हा उघडले. सात देशांतली पंधरा संग्रहालयं धुंडाळली. आणि आता, काय शोधायचं ते माहीत असल्यावर, पिसांत आणि मापांत बारीक फरक सापडलेच. मग डीएनए तपासला. या जाती काही दशलक्ष वर्षांपूर्वीच वेगळ्या झाल्यात असं त्यातून निघालं. बोनस म्हणजे चीनच्या सिचुआनमधला याच गटातला एक पक्षीही स्वतंत्र जात ठरला. एका सकाळी कानाला खटकलेली गोष्ट कुठवर गेली बघा.

नव्या जातीला नाव दिलं झूथेरा सालिमअलीआय. सालिम अलींचं. मुंबईत १८९६ मध्ये जन्मलेला, एका चिमणीच्या निमित्ताने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दारात पोचलेला आणि मग १९८७ पर्यंत भारताला पक्षी शिकवत राहिलेला माणूस. १९४१ चं त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक अजूनही कित्येकांच्या सॅकमध्ये असतं. दक्षिणेतल्या एका फळं खाणाऱ्या वटवाघळालाही त्यांचं नाव आहे. पण जे नाव आपल्याकडे गुलाबी कागदांवरच्या जयंती-पुण्यतिथीत अडकतं, ते असं एका जिवंत, लाजऱ्या, पहाटे चारला गाणाऱ्या पक्ष्याला चिकटलेलं जास्त बरं नाही का?

या भागाला पुण्याचीही एक वाट येते. बोमडिलाजवळच्या ईगलनेस्ट अभयारण्यात रमणा अत्रेया या पुण्यात काम करणाऱ्या खगोलशास्त्रज्ञाने बुगुन लिओसिक्ला हा तोवर अज्ञात पक्षी शोधला. त्याचं वर्णन २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. पक्षी इतके थोडे दिसले, की नमुना म्हणून एकही न मारता, पिसं आणि फोटोंवर काम भागवलं. आणि नाव दिलं तिथल्या बुगुन समाजाचं. दिवसा पक्षी, रात्री तारे. आपण मात्र एका स्प्रेडशीटने दमतो!

आता मैत्रिणीच्या फोटोची गोष्ट. उतरताना, बरोबर झाडं संपतात त्या रेषेवर, बुटक्या झुडपांशेजारी एक कस्तूर दिसला. दहा-पंधरा फुटांवर. पान उलटतोय, किडा खातोय, आमच्याकडे ढुंकून बघत नाही. धुकं होतं, पण तिने धडाधड तीस-चाळीस फोटो काढले. पंखांवर पट्ट्या नव्हत्या, म्हणजे तिथेच राहणारा तिसरा भाऊबंद, लाँग-टेल्ड थ्रश नाही, एवढं नक्की. पण वरचा की खालचा?

“भैया, कौनसा है?”

गाईडने दुर्बीण लावली, बराच वेळ बघितलं. “गाएगा तो बोलूँगा.”

तिने फोन पुढे केला. “मेरे पास दोनों का गाना है. बजाऊँ? जवाब देगा ना?”

“नहीं मॅडम. अभी घोंसले का टाइम है.”

ती वैतागली, साहजिक होतं. एवढ्या लांब आलो, लेन्सचे हप्ते चालू आहेत, पक्षी समोर आहे आणि एक बटण दाबलं की उत्तर मिळणार. पण त्याने समजावलं आणि तेही लेक्चर न देता. स्पीकरवर गाणं लागलं की पक्ष्याला वाटतं, आपल्या घरात दुसरा घुसला. मग खाणं, अंडी, पिल्लं सगळं सोडून तो नसलेल्या शत्रूला शोधत फिरतो. आमच्या मागून उद्या दुसरा ग्रुप, परवा तिसरा. प्रत्येक जण ‘फक्त एकदाच’ वाजवणार. सीझनभर हेच. हा माणूस पक्ष्यांवर पोट भरतो, गिऱ्हाईक खूश झालं तर टिप जास्त मिळते, आणि तरी नाही म्हणतो. मला ते फार आवडलं. मैत्रिणीला ते पटायला संध्याकाळ झाली.

पक्षी गायला नाही. उडून गेला. त्या फोल्डरचं नाव अजून ‘कस्तूर – कोण??’ असंच आहे. एका पक्ष्याचे चाळीस शार्प फोटो आहेत आणि आम्हाला तो कोण ते सांगता येत नाही, तर ज्याचा एकही फोटो नाही त्या अंधारातल्या गाणाऱ्याबद्दल दोघींनाही तीळमात्र शंका नाही. इन्स्टाग्रामवर काय टाकणार, सांगा!

अजून एक. मार्च २०२४ मध्ये सेला बोगदा सुरू झाला. लष्करासाठी आणि तवांगच्या लोकांसाठी तो हवाच होता. पूर्वी हिवाळ्यात बर्फ पडला की खिंड बंद आणि पलीकडचं गाव अडकलेलं. आजारी माणसाला खाली आणणाऱ्याला विचारा बोगद्याची किंमत. पण टुरिस्टचं गणित वेगळं. आमच्या ड्रायव्हरनेही आदल्या दिवशी सुचवलं होतं, “टनल से चलते हैं, एक घंटा बचेगा.” बोगद्यातून गेलात तर तो वरचा खडकाळ पट्टा टळतो. वरच्याचा अख्खा मजला लिफ्टने स्किप! खिंडीचा जुना रस्ता मुद्दाम मागून घ्यावा लागतो. कदाचित वरच्याला ते बरंच असेल, हॉर्न कमी.

पण त्याला दुसरी काळजी असू शकते. याच पट्ट्यात खाली, ईगलनेस्टमध्ये वर्षानुवर्षं पक्ष्यांच्या पायात कडी घालून अभ्यास चाललाय, आणि हवा तापते तसे काही पक्षी हळूहळू वर सरकताना दिसलेत. खालच्या मजल्यावरच्याला सरकायला निदान वरचा मजला आहे. वरच्याच्या डोक्यावर काय? गच्ची, आणि मग आभाळ. आज दोघांचीही स्थिती बरी आहे, उगाच घाबरवत नाही. पण जोवर दोघं एकच समजले जात होते, तोवर ‘प्लेन-बॅक्ड थ्रश भरपूर आहेत’ म्हणून फाइल बंद झाली असती. दोघांपैकी एक कमी होत असता, तरी कळलं कसं असतं?

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी थोडं कामाचं. गाणं हवं तर मे-जूनच. हिवाळ्यात दोघंही खाली उतरतात आणि गप्प असतात, तेव्हा चांगले चांगले पक्षीवाले हात टेकतात. परमिट ऑनलाइन काढता येतं, घरूनच काढून ठेवा. दिरांगला किमान दोन रात्री, घाई करून थेट सेला नको, डोकं दुखतं आणि मग ना वरचा ना खालचा. पावसाचं जॅकेट, लोकरीची टोपी (पण कान उघडे ठेवता येतील अशी) आणि थर्मासमध्ये चहा. गाईड तिथलाच घ्या. आणि गाडीतली गाणी भालुकपाँगपर्यंत पुरेत.

परतीच्या वाटेवर दिरांगला उतरताना ड्रायव्हरने खिडकी खाली केली होती. एका वळणावर त्याने आपणहून गाडी हळू केली, मान बाहेर काढली आणि म्हणाला, “मॅडम, ये वाला कौनसा था? सुबह वाला, या ऊपर वाला?”

तो एक तिसराच पक्षी होता. गाईड मागच्या सीटवर गाढ झोपला होता. आम्ही गाडी थांबवून त्याला उठवलं.